बाबा आणि ग्लॅडिओलसचा वाफा

आई गेली त्या वर्षी दिवाळीनंतर मी बाबांना रामटेकजवळच्या गावाहून नागपूरला आमच्या घरी आणलं. शेती रामटेकला राहणाऱ्या माझ्या भावाने पाहायला घेतली होती. जन्मभर धान पिकवलेला माणूस शहरात आला आणि त्याला करायला काही उरलं नाही. पेपर वाचून झाला की ते फाटकापाशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसत. आईचं नाव घरात कोणी काढत नव्हतं, ते तर नाहीच.

त्याच दिवसांत एका रविवारी मी कंपाउंडच्या भिंतीलगत ग्लॅडिओलसचे कंद लावत होते. बाबांनी एक कंद उचलून उलटापालटा केला.

"कांदा आहे का वं हा?"

"नाही बाबा, फुलाचा कंद आहे."

"देवाले वाहतेत?"

"नाही, फुलदाणीत ठेवतात."

"मंग काहून एवढी मेहनत करून राहिली?"

"बघायला," मी म्हटलं.

कोंब वर आले, तलवारीसारखी पानं सुटली. मी शाळेत शिकवायला जायची, तेव्हा पाणी घालायचं काम बाबांनी आपणहून घेतलं. एकदा दुपारी मी घरी आले तर वाफ्याभोवती मातीचा नेटका बांध, आत पाणी तुडुंब आणि शेजारी समाधानाने उभे बाबा.

"पाय, कशी बांधी भरली!"

धानाच्या बांधीत पाणी असं साचवतात. मी चप्पलही न काढता बांध फोडला. "बाबा, याला इतकं पाणी चालत नाही. कंद सडतो."

ते खाली बसून हातांनी पाणी बाहेर लोटू लागले. पण पुढच्या काही दिवसांत उताराकडची झाडं पिवळी पडली. एक उपटलं तर खालचा कंद मऊ होऊन हातातच फुटला. त्याला वास येत होता. त्या संध्याकाळी बाबा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर बाबा घरात नव्हते आणि त्यांचा फोन टेबलावर पडलेला. मी शेजारी विचारलं, चौकापर्यंत शोधून आले. दिवेलागणीला ते ऑटोतून उतरले. हातात कापडी पिशवी होती. एकटेच सीताबर्डीच्या बाजारात जाऊन, विचारत विचारत एका रोपवाल्याला गाठून त्यांनी कंद आणले होते. मी पिशवीत पाहिलं. ते गुलछडीचे होते.

"नाव आठवे ना," ते म्हणाले. "म्हटलं, लांब दांडीचं फूल पाह्यजे. त्यानं हेच देल्लं."

"ही गुलछडी आहे, बाबा."

"म्हंजे हेही चुकलं?"

मला हसू आलं. तेही हसले. हसता हसता पायरीवर बसले आणि त्यांचे डोळे भरून आले. "तुही माय असती तं तिनं बरोब्बर आनलं असतं. नावं तिच्याच ध्यानात राहत."

मग ते तिच्याबद्दल बोलत राहिले. धानाच्या रोवणीच्या वेळी ती बायांना कशी हसवायची, कोणाच्या लेकराचं नाव तिला कसं पाठ असायचं. मी बाजूला बसून ऐकत होते. चहा करायचंही सुचलं नाही.

वरच्या बाजूची झाडं वाचली. जानेवारीच्या थंडीत शेंदरी फुलांची पहिली दांडी फुटली. ग्लॅडिओलसची फुलं खालून वर एकेक उमलत जातात. बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन वाफ्यापाशी जात आणि आज कोणतं उघडलं ते मला येऊन सांगत. मी फुलदाणीसाठी कात्री घेऊन गेले तर म्हणाले, "राहू दे. वरच्या कळ्या बाकी आहेत अजून."

ऊन तापायला लागलं, पानं वाळली. आम्ही दोघांनी मिळून कंद खणून काढले, सावलीत पसरले. माती झाडता झाडता बाबा म्हणाले, "धानाचे पऱ्हे टाकायच्या आधी मी गावाले जातो." म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी, रोपांसाठी बी पेरायच्या आधी.

एकटे कसे राहाल, जेवणाचं काय, हे सगळं माझ्या तोंडावर आलं होतं. पण हिवाळ्यात फाटकापाशी बसणारा माणूस आता बोलत होता, रागावत होता, आईची आठवण काढत होता. मी विचारलं, "रविवारी येऊ का भेटायला?"

"ये ना. आन् रोवणीच्या वक्ताले सुट्टी काढून ये."

मी मान डोलावली आणि पुढचा कंद हातात घेतला.