तोरणाखालून आधी गेलेला बैल

माझ्या भावाला पाच माणसांनी मारलं. बैलानं मारलं नाही.

आज पोळा. म्हणून हे पुन्हा लिहितोय. कारण पोलिसांच्या पहिल्या कागदावर 'बैलाने मारल्यामुळे मृत्यू' असं लिहिलं होतं आणि गावात काही लोक अजून तेच बोलतात.

दत्ता माझा चुलतभाऊ. मांगवाड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी धाराशिवला पेपरात लागलो, तो गावातच राहिला. मजुरी, थोडी बटईची शेती.

भेटला की म्हणायचा, "काय पत्रकार, आमची बातमी कधी?"

"काहीतरी करून दाखव, छापतो."

"आमी काय केलं तर तुमी छापत न्हाय. आमाला काय झालं तरच छापता."

आमच्या गावात पोळ्याला मानाची रांग असते. वेशीत तोरण बांधतात. त्याखालून पहिला बैल पाटलांचा. मग बाकीच्यांचे, ठरलेल्या क्रमानं. सगळ्यात शेवटी आमच्या वस्तीतले.

हरण्या हा पाटलांचाच बैल. कितीतरी वर्षं तो पहिला जायचा. मग दारात ट्रॅक्टर आला, बैल वयानं उतरला, आणि त्यांनी तो दत्ताला विकला.

त्या पोळ्याला दत्तानं त्याची शिंगं रंगवली, पाठीवर झूल टाकली आणि रांगेत सगळ्यात मागं जाऊन उभा राहिला. ठरलेल्या जागी.

हलगी वाजली.

हरण्यानं मान उचलली आणि तो चालू लागला.

दत्ता कासरा धरून मागं ओढतोय, पाय मातीत घासत चाललेत, "अरं हो, हो, थांब की बाबा!" म्हणून ओरडतोय. सगळी वेस हसत होती. मीही हसत होतो.

आपण विकले गेलोय हे बैलाला कुणी सांगितलं नव्हतं.

तो सरळ तोरणाखालून गेला. पाटलांची जोडी अजून मागं उभी होती.

हसणं थांबलं. पाटलांच्या थोरल्या पोरानं विचारलं, "कुणाचा रं बैल ह्यो?"

दत्ताला धाप लागली होती. तरी त्याला राहवलं नाही.

"मालक, तुमचाच की. तुमीच लावलेली सवय हाय."

दोन-चार जण परत हसले.

एवढंच कारण.

दिवेलागणीला पाटलांच्या घरातले पाच जण काठ्या घेऊन वस्तीत आले. दत्ताची बायको सुमन बैलाला पुरणपोळी चारत होती. तिच्यासमोर दत्ताला मारलं. मी धावत पोचलो तेव्हा ते निघून गेले होते.

धाराशिवच्या रस्त्यावर, जीपमध्ये, माझ्या मांडीवर दत्ता गेला.

पाचही जण जामिनावर सुटून आले तेव्हा वेशीत तेरखेड्याचे फटाके वाजले. त्याच वेशीत. हार घातले. व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला. मी तो सेव्ह केलाय.

मारताना पाहिलेले गावातले दोन साक्षीदार कोर्टात म्हणाले, "आमी रानात व्हतो."

पोळ्याच्या दिवशी! बैल दारात सजवून उभे, खांद्यावर जू नाही, आणि हे रानात. अख्ख्या जिल्ह्यात त्या दिवशी कोण रानात जातं? सरकारी वकिलांनी तेच विचारलं, "रानात काय करत होता?"

खोटं बोलायचं तर ते तरी नीट बोला रे.

मग सरपंच सुमनच्या दारात आले. "मिटवून घे बाई. पोरीला फुडं कुठंतरी नोकरीला चिकटवू. गावात ऱ्हायचंय ना तुला?"

"मला गावातच ऱ्हायचंय," सुमन म्हणाली. "त्यांनी कुठं ऱ्हायचं ते कोर्ट सांगंल."

गेल्या महिन्यात तिची साक्ष झाली. जन्मभर तिनं त्या घरातल्यांना मालक, धाकले मालक म्हटलं. शेंबड्या पोरालासुद्धा. त्या दिवशी बोट दाखवत तिनं एकेकाचं नुसतं नाव घेतलं. चार झाले. मग थोडी वाकून बघितलं आणि म्हणाली, "पाचवं त्या जाड्याच्या मागं लपलंय."

त्यांच्या वकिलानं उलटतपासणीत विचारलं, "बैल मारका होता, बरोबर?"

"मारका? त्याच्या पोटाखाली माझी पोरगी निजायची, साहेब."

त्यानंतर वकिलानं बैलाचं नाव काढलं नाही.

ज्यांना माझ्याकडून समजुतीचे चार शब्द हवे असतील त्यांनी माझे जुने लेख वाचावेत. आयुष्यभर बातमीत 'कथित' आणि 'समजते' लिहिलं. दोन्ही बाजू घेतल्या. डेडलाइन पाळली. ही बातमी नाही.

मला माफ करायचं नाही. मला त्या पाचांचं वाईट झालेलं बघायचंय. सावकाश, कागदोपत्री, शिक्क्यासकट. त्यांच्या आयांनी जेलच्या भेटीच्या रांगेत उभं राहावं आणि तिथं त्यांना कुणी मान देऊ नये. पोळ्याच्या दिवशी आतल्यांना बाहेरची हलगी ऐकू येऊ नये. पोरांनी विचारावं, बाबा कुठंयत? आणि खरं उत्तर द्यावं लागावं.

काठी मीही उचलू शकलो असतो. मग त्यांच्या वकिलाचं काम सोपं झालं असतं. ते मी होऊ देणार नाही.

पाचही जण ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. स्क्रीनशॉट काढा. वकिलाला दाखवा. प्रत्येक तारखेला तुमच्या मागच्या बाकावर जो बसतो, तो मीच. पुढंही बसणार. तुम्ही वरच्या कोर्टात गेलात तर तिथंही.

दत्ता,

खाली लोक 'आत्म्यास शांती लाभो' लिहितील. चांगली माणसं आहेत, त्यांना लिहू दे.

तू मात्र इतक्यात शांत होऊ नको.

मंगळवारी शेवटचा युक्तिवाद आहे. मी आणि सुमन अकराच्या आत पोचतोय.

तूही ये.