पाण्यावरचा खण

ऑपरेशननंतर मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल, तर तो अंबाबाईचा. डॉक्टरांचा नाही, नशिबाचा नाही, तिचाच. सगळा जन्म कोल्हापुरात गेला, शुक्रवारचं दर्शन कधी चुकवलं नाही, आणि तिनं दिलं काय? आंघोळ करताना हाताला लागलेली एक गाठ. डावा स्तन काढावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडला, "मला पोहता येईल ना?" ही बाई शुद्धीवर नाही अशा नजरेनं नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. पण मी खरंच तेवढंच विचारू शकत होते. लहानपणी वडिलांनी पाठीला रिकामा डबा बांधून मला पंचगंगेत ढकललं होतं, तेव्हापासून पुराचे दिवस वगळता सकाळची नदी मी सोडली नव्हती.

घरी आले त्या आठवड्यात थोरल्या जाऊबाई देवळातून ओटीचा प्रसाद घेऊन आल्या. त्यांना मी अक्का म्हणते. नारळ, तांदूळ आणि गर्द हिरवा, लाल काठाचा खण. खण म्हणजे चोळीचं कापड! मी त्याच्याकडं बघतच राहिले. जिची एक बाजू नुकतीच कापून काढली, तिला देवी चोळी पाठवते? ही कसली चेष्टा? अक्का बिचाऱ्या भाबड्या, त्यांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. मी खण कपाटात कोंबला आणि देवळात जायचं बंद केलं. हळदीकुंकवाला कुणी ओटी भरायला पुढं झालं, की "मला पथ्य आहे" म्हणून उठायची. ओटीला कसलं आलंय पथ्य! पण माझ्या तोंडाकडं बघून कुणी पुढं विचारत नसे.

यथावकाश जखम भरली, उपचार संपले. भिंतीवर बोटं चढवत चढवत डावा हात एकदाचा डोक्यावर गेला आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरायची परवानगी दिली. आता भीती वेगळीच होती. घाटावर सगळे ओळखीचे, आणि ओलं कापड काही लपवत नाही. एरवी छातीशी वापरायचा विकतचा पॅड जड, तो पाण्यात नको, म्हणून मी घरीच एक हलका शिवायला घेतला. उशीतला स्पंज गोल कापला, वरच्या कापडासाठी कपाट उपसलं, तर नेमका तो खण हातात आला. मग कात्री चालवली आणि मोठ्यानं म्हणाले, "पाठवलास ना? मग आता तूच बस तिथं." देवीशी असं बोलू नये हे कळत होतं, पण बोलले. धुवायला काढता यावा म्हणून पॅड आतल्या कपड्याला कच्च्या टाक्यानंच अडकवला.

माघातली सकाळ होती, ऊन नुकतंच पायऱ्यांवर उतरलं होतं. अक्का टॉवेल घेऊन सोबत आल्या होत्या. "मी हितंच बसतो. बिनघोर जा तू," म्हणाल्या. पाणी अंगाला लागलं आणि मला रडूच फुटलं. पहिले काही हात छान पडले. मग डावा खांदा असा आखडला, की हात वर येईना. जन्मभर या नदीत पोहलेली मी बाई, नाकातोंडात पाणी जाऊन धडपडायला लागले. अक्कांचं ओरडणं ऐकू येत होतं. त्या घाबरगुंडीत वडिलांचं बोलणं आठवलं, पाठीवरचा डबा सोडला त्या दिवशीचं. "पाण्यासंगं भांडू नगंस, पोरी. उताणी पड. ते धरतंय तुला." मी हातपाय मारायचे थांबवले आणि उताणी झाले. कान पाण्यात गेले, सगळे आवाज बंद झाले, वर नुसतं आभाळ. पाण्यानं मला खरोखर धरलं. नंतर एका हातानं सावकाश पाणी ओढत पायरीला लागले आणि सवयीनं हात छातीशी गेला. तिथं काहीच नव्हतं. टाका उसवून पॅड वाहून गेला होता.

गळ्यापर्यंत पाण्यात बसून मी इकडंतिकडं शोधू लागले, आणि मग जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. खालच्या अंगाला, पुढच्या पायऱ्यांवर, कुठल्याशा गावच्या बायका नदीची ओटी भरायला आल्या होत्या. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या ओंजळीत माझा हिरवा पॅड होता. तिनं त्याला हळदकुंकू लावलं, नारळाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "बघा गं, आईचा खण आला पाण्यावरनं!" सगळ्या बायकांनी हात जोडले. मला हसावं की किंचाळावं कळेना. इकडं अक्कांनी खण ओळखला होता. "अगं बाई, त्यो तर..." म्हणून त्या मटकन खाली बसल्या.

मग भानावर येऊन त्या कुजबुजल्या, "तू गुमान घरला चल. ऱ्हाऊ दे तिथंच." टॉवेल गुंडाळून निघून जाणं सोपं होतं. पण आज अशी तोंड लपवून गेले, तर पुन्हा या पाण्याकडं फिरकणार नाही, हे मला आतून पक्कं ठाऊक होतं. शिवाय त्या बायका उशीच्या स्पंजापुढं हात जोडून बसल्या होत्या, तेही सोसवेना. मी उठले. ओलीचिंब, एक बाजू सपाट, सगळ्या घाटासमोर त्यांच्यापर्यंत चालत गेले.

"मावशी, त्यो देवीचा न्हाय. माझा हाय."

"तुझा? म्हंजी गं?" तिनं पॅड उचलून दाबला. पाणी निथळलं. तिनं एकदा हातातल्या खणाकडं पाहिलं, एकदा माझ्या छातीकडं. आता ही तो टाकून देईल आणि हात धुईल, या अपेक्षेनं मी दात आवळून उभी होते. तिनं तो परत नारळाशेजारी ठेवला.

"कापलं व्हय?"

"व्हय."

"मग तिचाच की गं ह्यो. तुझी ओटी घेतली तिनं. कुंकू लागलंय आता, परत मागू नगंस."

कुणी थोबाडीत मारावी तशी मी सुन्न झाले. इतके महिने मी एकच म्हणत होते, माझं नेलं, माझं हिसकावलं. मी दिलं असं माझ्या मनातही कधी आलं नव्हतं, आणि खरं सांगते, मी दिलं नव्हतंच. पण माझ्या रागानं शिवलेल्या त्या गाठोड्याला कुंकू लागलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"अशी उभी का? पुढं ये. रिकामी ओटी घिऊन घरला जातीस व्हय?" पदर नव्हता, म्हणून मागोमाग आलेल्या अक्कांच्या हातातला टॉवेल घेऊन मी पसरला. तिनं त्यात तांदूळ घातले, नारळ घातला आणि नदीसाठी आणलेला नवा खण ठेवला. त्या टॉवेलाशी वाकून मी लहान पोरीसारखी हुंदके देत रडले. मागं अक्काही रडत होत्या. माझा पॅड त्या बायकांनी जाताना दीपमाळेच्या पायाशी ठेवला. कुठल्या गावच्या, हे विचारायचं राहूनच गेलं. पुढं बरेच दिवस मी त्यांना घाटावर शोधलं, पण त्या काही पुन्हा दिसल्या नाहीत.

झालं त्याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. खांदा अजून कुरकुरतो, तपासणीच्या आदल्या दिवशी अन्न गोड लागत नाही. तेव्हा मी मनातल्या मनात उताणी पडते. मी रोज पोहते, आणि तशीच पोहते. शुक्रवारी पुन्हा देवळात जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा गाभाऱ्यासमोर भांडायला तोंड उघडलं आणि "घेतलीस ना?" एवढंच कसंबसं म्हणता आलं.

तो नवा खण मी शिवायला टाकला. माप घेताना शिवणारी बाई डावीकडं अडखळली आणि हळूच म्हणाली, "हितं आत काय तरी भरू या का, ताई?"

"नको," मी म्हणाले. "आहे तेच माप घ्या."