निवलेले कुंड आणि घरत सर

अरविंद घरत सरांची आणि माझी ओळख माझ्या तळहातावर झाली. अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे असलेल्या त्यांच्या शेडमध्ये नोकरी मागायला गेले होते. सरांनी काही न विचारता स्पिरिटचा बोळा माझ्या तळहातावर टेकवला.

"गार वाटतंय?"

"हो."

"तुझ्या हाताच्या उबेवर ते उडून चाललंय. मग जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्यावर काय काय उडेल, सांग बघू."

सरांचे सगळे काम या प्रश्नात होते. कोकणातल्या झऱ्यांचे पाणी चटका देते, पण उकळत नाही. मात्र त्याच पाण्याने लवकर उकळणारा दुसरा द्रव तापवला, तर त्याच्या वाफेवर चाक फिरते आणि वीज मिळते. बाजारातले व्यापारी हसायचे. "सर आंघोळीच्या पाण्यावर बल्ब पेटवणार!" सर त्यांच्याकडूनच पाइप घेत आणि म्हणत, "पेटला की पहिला तुझ्या दुकानात."

बल्ब पेटला. पनवेलपासून काही तासांवर, दक्षिणेकडच्या एका गावात गरम पाण्याचे कुंड आहे. त्याच्याजवळ विंधणविहीर घेऊन आम्ही यंत्र बसवले आणि शाळेत, मंदिरात दिवे लागले. त्या दिवशी सरांनी गावाने दिलेला नारळ यंत्रापुढे फोडला नाही, कुंडापुढे फोडला.

वापरून निवलेले पाणी पुन्हा जमिनीत सोडावे लागते. त्यासाठीची विहीर कुंडापासून लांब हवी. तशी जागा देवराईत होती. रस्त्यासाठी तिथली झाडे तोडणे सरांना मान्य नव्हते. गावानेही हात जोडले. म्हणून ती विहीर देवराईच्या अलीकडे, कुंडाच्या जवळ घेतली गेली. यंत्राला गरम पाणी देणाऱ्या आमच्या विहिरीचे पाणी शेवटपर्यंत तितकेच गरम राहिले. कुंडात हात घालून पाहण्याचे कुणाला सुचले नाही.

मग एका सकाळी कुंडावर गुडघे शेकायला येणाऱ्या तुळसाआजी यंत्रापाशी येऊन उभ्या राहिल्या. "सायेब, तुमची लाइट पेटली नि आमचं पानी निवलं. आमी गुडघं काय बल्बावर शेकायचं?"

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. ते आजींबरोबर गेले, चपला काढून कुंडात पाय सोडून बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. सोडलेले गार पाणी जमिनीखालून वाट काढत कुंडात येत होते. आमच्यातला एकजण म्हणाला, "सर, थोडं कोमट झालं तर काय बिघडलं?"

"तुझ्या आईच्या गुडघ्याला विचार," सर म्हणाले, आणि उठून त्यांनी स्वतः यंत्र बंद केले.

अहवालात त्यांनी चूक आपल्या एकट्याच्या नावावर लिहिली. पैसा देणाऱ्यांनी पाठ फिरवली. ते यंत्र आज कळंबोलीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गंजत आहे.

माझे यजमान गेले, तेव्हा सर रोज संध्याकाळी विचुंब्याच्या आपल्या घरून रिक्षाने माझ्याकडे येत. सांत्वनाचे एकही वाक्य ते बोलले नाहीत. गॅसची नळी तपासत, माझ्या स्कूटरची हवा बघत, चहा घेत आणि जात. दुःखात असलेल्या माणसाला बोलावे लागू नये, हीसुद्धा एक माया असते, हे मला तेव्हा कळले.

यंत्र बंद झाल्यापासून दर उन्हाळ्यात सर कुंडावर जातात. झऱ्याला पुन्हा पहिली धग येते का, एवढेच त्यांना पाहायचे असते. यंदा मी बरोबर गेले. तुळसाआजी आता नाहीत. त्यांच्या सुना काठावर होत्या. सरांनी पाय पाण्यात सोडले आणि माझ्याकडे पाहिले. मधुमेहाने या वर्षभरात त्यांच्या पावलांतली जाणीव गेली आहे.

"मीनल, तू सांग."

मी पिशवीतून तापमापक काढू लागले.

"आकडा नको. आजी सांगायच्या तसं सांग."

मी हात बुडवला. खोटे बोलावेसे फार वाटले. "सर, गेल्या वर्षी तुम्हीच कोमट म्हणाला होतात. आज त्याहून गरम आहे. पण गुडघ्याला पुरेल एवढं नाही."

शेजारची सून म्हणाली, "येल, येल. पानी कुठं जातंय? सायेब, तुमी येत रावा."

सरांनी मान हलवली आणि पाय पाण्याबाहेर काढले. मी त्यांचे पाय पदराने पुसले. ते पाण्याने उबदार झाले होते. सरांना मात्र ते कळत नव्हते.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात इतर जण त्यांच्या यशाविषयी लिहितील. माझे मागणे कुंडापुरते आहे. ते पाणी पुन्हा चटका देईपर्यंत सरांना आयुष्य आणि आरोग्य लाभो. त्या दिवशी त्यांच्या पावलांना कळले नाही, तर मी हात बुडवून सांगेन. मात्र ते ऐकायला सर काठावर असावेत.