एक पाऊल पुढे

आमच्या घाटकोपरच्या पालिका शाळेत ती गणित शिकवते. बोलते भराभर, हसते मोठ्याने, पण कुणी "गाव कुठलं गं तुझं?" विचारलं, की लगेच "तुझं कुठलं?" असं उलट विचारते.

यंदा समतेच्या प्रशिक्षणासाठी बराच खर्च करून बाहेरची संस्था आणली. प्रशिक्षकाने आम्हा शिक्षकांना हातात हात घेऊन रांगेत उभं केलं. "जातीवरून ज्यांना कधीच घर नाकारलं गेलं नाही, त्यांनी एक पाऊल पुढे या."

माझ्या हातातला तिचा हात गार पडला. तरी तो सोडवून ती पुढे गेली. प्रत्येक प्रश्नाला पुढेच गेली. शेवटी हेडबाईंच्या शेजारी उभी राहून ती हसत होती.

नंतर जिन्यात तिने मला गाठलं. "तुला कळलं ना? कुणाला बोलू नकोस यार. माझा घरमालक हेडबाईंचा भाऊ आहे."

"नाही बोलणार गं."

पुढच्या सत्रात प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची गोष्ट सगळ्यांसमोर सांगायची आहे. तिने जोडीदार म्हणून माझं नाव दिलंय. खोटं बोलताना माझा आवाज कापतो, आणि हेडबाई समोरच बसणार आहेत.