जाळीच्या दारातले कागद

चऱ्होलीच्या नव्या इमारतीत राहायला आलो आणि कागदांनी माझा पिच्छा पुरवला. कंपनीतून घरी यावं, तर जाळीच्या दारात नव्या फ्लॅटची माहितीपत्रकं, क्लासची जाहिरात, फर्निचरचा कॅटलॉग. वॉचमनला सांगून पाहिलं, पेपरवाल्याशी भांडलो, शेवटी ‘जाहिराती लावू नयेत’ अशी पाटी टांगली. दुसऱ्या दिवशी त्या पाटीच्याच मागे कुणीतरी जिमचं पत्रक खोचून गेलं.

माझं डोकंच फिरलं. दारामागे एक पोतं ठेवलं आणि आल्या आल्या, चप्पल काढायच्या आधी, जाळीतला गठ्ठा न बघता त्यात कोंबायला लागलो. बायको म्हणायची, एकदा चाळून तरी बघा. काय बघायचं त्यात? बिल्डरांची पत्रकंसुद्धा हल्ली जाड, सोनेरी, वर गणपती छापलेली. पोतं भरलं की रद्दीवाल्याला देऊन टाकायचो.

त्याच दिवसांत मी एका बोलावण्याची वाट बघत होतो. कुरुळीत आम्ही बारा वर्षं ज्याच्या भिंतीला भिंत लागून राहिलो, तो माझा बीडकडचा दोस्त. त्याची मुलगी आमच्याच घरात खेळून मोठी झाली. तिचं लग्न जमलं होतं. तारीख निघाली की पत्रिका घेऊन येतो, म्हणाला होता. मोबाईलवर पत्रिका पाठवणं त्याला पटत नसे. दिवस जात राहिले. मी फोन हातात घ्यायचो आणि परत ठेवायचो. त्याला बोलवायचंच नसेल तर आपण कशाला विचारायचं?

मग एका जुन्या सोबत्याकडून कळलं, लग्न होऊन आठवडा झाला. खरं सांगतो, आधी रागच आला. त्याच रागात रविवारी बायकोला घेऊन कुरुळीला गेलो.

त्यानं ‘या’ म्हटलं, पण नजर दिली नाही. साधं बोलावणंही नाही का रे, मी तडक विचारलं. तो म्हणाला, दोघं नवराबायको आलो होतो, कुलूप होतं, जाळीत पत्रिका लावून गेलो. घरच्या माणसाला परत फोन कशाला, असं त्याला वाटलं होतं.

मी त्याला पोत्याचं सगळं सांगून टाकलं. बोलताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. त्याची बायको आत गेली आणि उरलेल्या पत्रिकांतली एक घेऊन आली. त्यानं ती माझ्यापुढे धरली.

"आता तरी वाच."

वाचली. वधू, वर, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता. खाली निमंत्रकांची यादी होती. मुलीच्या दोन्ही मामांच्या वर, पहिलं नाव माझं होतं.

"मांडवात समदे इचारत होते," तो हळूच म्हणाला, "निमंत्रक कुठं हायेत म्हणून."