घरी सगळे बरे आहेत

आमच्या वहिनीला थांबवणं खोडाळ्याच्या रस्त्यावर आजवर कुणालाही जमलेलं नाही, आणि प्रयत्न तर सगळ्यांनी केला. जामसरची ही मुलगी बारावी करून आमच्या दादाच्या घरात आली, नऊ-दहा वर्षं नांदली, आणि एका सकाळी चुलीत लाकूड सारता सारता मला म्हणाली, "ताई, मी पोलीस भरतीला उतरते. वयात बसणारी एवढी एकच भरती राहिली. ही गेली की संपलं." मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे लेखी परीक्षा माझ्याकडे आली. पळायचं तिचं तिलाच होतं.

पळणं सोपं होतं, लोक अवघड होते. आमच्याकडे बाई रस्त्यानं पळताना दिसली म्हणजे कुणाला तरी साप चावलाय, नाहीतर कुणीतरी बाळंतपणात अडलीय. त्यामुळे पहिला आठवडाभर प्रत्येक जीप तिच्याशेजारी थांबली. "कोण आजारी हाय? बस, दवाखान्यात सोडतो!" एका ड्रायव्हरनं तर पुढच्या सीटवरच्या मास्तरांना उठवून मागं पाठवलं. शेवटी मी खताच्या गोणीवर ठसठशीत अक्षरात लिहून तिच्या पाठीला बांधलं: 'घरी सगळे बरे आहेत. थांबवू नये.' झालं उलटंच. ते वाचायला गाड्या तिच्यामागून सावकाश येऊ लागल्या, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं ते "पाठीवर काय लिवलाय?" म्हणून अडवू लागले. वहिनी काही थांबायची नाही. विचारणाऱ्याभोवती गोल गोल पळत उत्तर द्यायची. एका म्हाताऱ्या बाबांना भरती म्हणजे काय ते कळेपर्यंत अकरा फेऱ्या झाल्या. चक्कर बाबांना आली.

गोळाफेकीला गोळा नव्हता, म्हणून तिनं वरवंटा घेतला. आई चटणी वाटायला बसायची आणि उठून बांधावर जायची. "माझा वरवंटा वावरात काय करतो गं?" "आई, आज दोन हात लांब गेला!" खरं तर सगळ्यात मोठा अडथळा आमची आईच. सून अंगणाबाहेर पडली रे पडली की हाक: "अगं एऽऽ, शेळी सुटली! अगं एऽऽ, पाव्हणे आले!" वहिनी पळतच शेळी धरायची, पळतच पाव्हण्यांना पाणी द्यायची. त्यातलं निम्मं त्यांच्या अंगावर. गावातली पोरं दादाला चिडवायची, "बायको पळाली रे तुझी!" दादा विडी विझवून शांतपणे म्हणायचा, "पळू दे. जेवायला येते."

मैदानी चाचणीला मी सोबत गेले. क्लास लावून आलेल्या, भारी बुटांच्या पोरी पाहून मीच वहिनीचा हात घट्ट धरला. पहिल्या फेरीला वहिनी मागं होती. दुसऱ्या फेरीत वळणावर कुणाच्या तरी आईनं कुंपणापलीकडून जोरात हाक मारली. पुढच्या तिघींनी माना वळवल्या. वहिनीनं नाही. जिला वर्षभर अख्ख्या तालुक्यानं हाका मारल्या, ती एका हाकेला वळते होय? त्या गटात ती दुसरी आली. मी कुंपणाला धरून रडले, सांगायला लाज नाही.

यादी लागली तेव्हा ती आवणीला, भात लावायला, वाकलेली होती. मोबाइलला रेंज फक्त माळावर, तिथून मी बोंबलतच खाली आले. ती म्हणाली, "एवढी ओळ लावून येते." आईनं पुढं होऊन तिच्या हातातली रोपं काढून घेतली. "ठेव ती. झालीस ना पोलीस?" आणि आपल्या पदरानं तिच्या बोटांवरचा चिखल पुसत बसली, बराच वेळ.

आता ती ट्रेनिंगला आहे. आई बाजारात ओळख नसलेल्यांनाही सांगते, "सून पोलिसात हाय माझी." परवा नाचणी निवडताना तिनं मला हळूच विचारलं, "तिथं पळताना तिला कुणी हाका मारत नसंल ना गं?"

"नाही आई, तिथं कोण मारणार?"

"मग बरं हाय," आई म्हणाली, आणि सुपातले निवडलेलेच दाणे पुन्हा निवडू लागली.