गेटबाहेरचा एक तास
पुठ्ठ्याच्या नव्या खोक्यांचा वास आला की काल्हेरच्या गोदामातली ती दुपार आठवते. तिथले सगळे स्कॅनर मी लिहिलेल्या सर्व्हर प्रोग्रामला जोडलेले होते. एका बाईंच्या स्कॅनरची बॅटरी मध्येच संपली, माझा प्रोग्राम त्याच्याच उत्तराची वाट बघत राहिला आणि बाकीचे सगळे स्कॅनर अडकले. "तूच मशीन बिघडवलीस," म्हणत सुपरवायझरने बाईंना गेटबाहेर काढलं. चूक माझी आहे हे मला कळलं होतं. पण माझी सलग दुसरी शिफ्ट चालू होती, बोलायचंही त्राण नव्हतं. आधी प्रोग्राम दुरुस्त केला आणि तासाभराने सुपरवायझरला खरं सांगितलं. बाई उन्हातच उभ्या होत्या. "मंग आता कामाव जाऊ ना?" एवढंच त्यांनी विचारलं. आता माझा प्रोग्राम कुणा एकासाठी अडत नाही. त्या तासाचा शीण मात्र अजून उतरलेला नाही.